दुसऱ्या तुकडीवरची बाई

कॉलेजात नोकरी केलेली दोन माणसं लग्नाच्या मांडवात शेजारी बसवून बघा. नवरदेव मारुतीच्या पारावरून निघून मांडवात पोचेपर्यंत त्यांचे चार प्राचार्य, दोन हेडक्लार्क आणि एक गाजलेली कॉपीची केस सांगून झालेली असते. ऐकणारा तिसरा माणूस त्यातला एखादा किस्सा पुढच्या लग्नात आपल्या नावावर सांगतो. किस्से असे वाढतात. माझ्याकडचे मात्र उसने नाहीत, आणि मी ते मुद्दाम जपूनही ठेवले नव्हते. त्या चार वर्षांत मला स्वस्थ बसता आलं नाही, म्हणून ते साठले. स्वस्थ बसलेल्या माणसाला काही दिसत नाही. मी सारखी दारात, खिडकीत, नाहीतर ऑफिसच्या काउंटरशी उभी असायचे.

नव्वद साल उजाडायच्या आधीची गोष्ट आहे. जळगावातल्या एका सायन्स कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवत होते. टेंपररी. म्हणजे जूनमध्ये ऑर्डर मिळायची आणि एप्रिलच्या शेवटच्या तारखेला ती संपायची. पुन्हा जूनमध्ये नवी मिळेल की नाही, हे एकाच गोष्टीवर ठरायचं. पहिल्या वर्षाच्या वर्गाला दुसरी तुकडी झाली, तर तिचे तास माझे. एकच तुकडी राहिली, तर सगळे तास आमचे विभागप्रमुख, सरोदे सर, एकटेच घ्यायचे. मग मी पारोळ्याला घरी. तिथं वडील दर सुट्टीत स्थळांची यादी घेऊन बसलेले असायचे, आणि मी दर सुट्टीत सांगायचे की नोकरी पक्की होऊ द्या, मग बघू. पक्की व्हायला दुसरी तुकडी सलग टिकायला हवी होती. स्टाफरूममध्ये माझं नावच पडलं होतं, 'दुसऱ्या तुकडीवरची बाई'.

ही दुसरी तुकडी ठेवायची की नाही हे ठरवणारे दोघं जण होते. एक आमचे प्राचार्य. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा सगळं अंदाजानं ठरवायचे. दुसरे सरोदे सर. ते तक्त्याशिवाय चहासुद्धा मागवत नसत. आणि माझा जीव दोघांच्या मधे.

*

मला नोकरीवर घेतलं तेच मुळी अंदाजानं.

मुलाखतीला आम्ही तिघं होतो. बाकीच्या दोघांचे मार्क माझ्यापेक्षा चांगले. आत बोलावायला उशीर होत होता. ऑफिसमध्ये पंखा गरगर फिरत होता आणि हेडक्लार्क वामनभाऊंच्या टेबलावरचा अर्जांचा गठ्ठा उडून खाली पसरला. वामनभाऊ जळगावजवळच्या असोद्याचे, मोठे शांत गृहस्थ. ते खुर्चीतून उठेपर्यंत मी सगळे अर्ज गोळा केले, आणि हातात आलेच आहेत तर म्हणून नंबरानं लावूनही टाकले.

अण्णांनी ते दारातून बघितलं असावं. आत गेल्यावर त्यांनी विषयाचा एक प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "ते अर्ज तुम्हाला कोणी लावायला सांगितले होते?"

"कोणी नाही."

"मग का लावलेत?"

"बसवत नव्हतं."

अण्णा शेजारच्या सरोदे सरांकडे वळले आणि म्हणाले, "यांना घ्या."

सरोदे सरांसमोर तिघांच्या मार्कांचा तक्ता होता, रकाने आखून, खाली बेरीज करून. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. पहिल्या दिवशी मी रुजू झाले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अण्णांनी तुम्हाला का घेतलं, काही कल्पना आहे?"

मी म्हटलं, नाही.

"मलाही नाही," ते म्हणाले. "त्याचाच त्रास होतो."

*

जूनमधली ॲडमिशनं म्हणजे आमच्याकडे एक वेगळीच डोकेदुखी. हुशार मुलं इंजिनिअरिंगची यादी लागेपर्यंत आमच्याकडे नाव घालून ठेवायची. ऑगस्टमध्ये तिकडे नंबर लागला की दाखला काढून चालती व्हायची. जूनमध्ये दोन तुकड्या गच्च, आणि गणपतीपर्यंत बाकं मोकळी. त्यामुळे खरा प्रश्न असायचा की समोर उभं असलेलं पोरगं टिकणारं आहे की जाणारं.

सरोदे सर हे मार्कांवरून काढायचे. अण्णा व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि अर्जावर नजर टाकून खाली बघायचे. "हा टिकेल." "हा जाणार." एवढंच.

एका जूनमध्ये सरोदे सरांनी मला अण्णांच्या मागच्या बाकावर बसवलं. कामाच्या बहाण्यानं. माझ्या वहीत अर्ज नंबर, मार्क आणि अण्णा काय म्हणाले ते लिहायचं होतं. दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं की अण्णा चपला बघतात. मी वहीत आणखी एक रकाना आखला, 'पादत्राणे'. नवे बूट, कोल्हापुरी, स्लीपर, अंगठा तुटलेली.

सप्टेंबरमध्ये आम्ही हिशेब मांडला. नव्या बुटातली मुलं गेली होती, आणि स्लीपरवाली बसली होती. सरोदे सरांचा मार्कांचा तक्ता त्यापुढे मागे पडला. पण ते खूष. अण्णांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले, "सर, हा तुमचा अंदाज नाहीच. ज्याच्या बापाकडे नव्या बुटाला पैसे आहेत, त्याच्याकडे डोनेशनला पण आहेत. म्हणजे ही माहितीच झाली. आपण रीतसर वापरू."

अण्णा म्हणाले, "मी वापरतोच आहे."

पण सरोदे सरांना राहवलं नाही. त्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये ते सगळं फळ्यावर मांडून दाखवलं. स्टाफ मीटिंगमध्ये मांडलेली गोष्ट जळगावात किती दिवस लपणार?

पुढच्या जूनमध्ये सकाळी कॉलेजवर आले, तर गेटपासून ऑफिसपर्यंत रांग. आणि रांगेत एकाच्याही पायात धड चप्पल नव्हती. एक सराफाचा मुलगा तर अनवाणी होता. त्याचे वडील शेजारी उभे, आणि त्यांच्या हातातल्या पिशवीतून बुटांची लेस बाहेर लोंबत होती.

अण्णांनी ती रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि खुर्ची उचलून आत गेले. सरोदे सर मला म्हणाले, "पादत्राणांचा रकाना काढून टाका, मॅडम." मी खोडरबर घेऊन तो रकाना खोडत बसले. तेवढंच काम त्या दिवशी मनापासून झालं.

*

आता सोळा तारखेचं ऐका.

सरोदे सरांनी एका दिवाळीच्या सुट्टीत सगळ्या वर्गांची जुनी मस्टरं काढली. हजेरीवरून टाइमटेबल बदलायचं त्यांच्या डोक्यात होतं. मी पारोळ्याला जायचं टाळून त्यांच्या मदतीला थांबले, कारण घरी गेले असते तर पुन्हा ती यादी. आम्ही दोघं रोज आकडे काढायचो. चौथ्या दिवशी सर एकदम उभे राहिले.

दर महिन्याच्या सोळा तारखेला हजेरी पडत होती. सगळ्या वर्गांत, सगळ्या विषयांत. वार कोणताही असो, सोळा तारीख आली की निम्मी मुलं गैरहजर.

सर रात्रंदिवस त्याच्यावर विचार करू लागले. आधी म्हणाले, घरून आलेले पैसे पंधरापर्यंत संपत असतील, मग पासला पैसे नसतात. मग म्हणाले, बाजाराच्या दिवसाशी काही संबंध असेल. त्यासाठी त्यांनी चाळीसगावपासून रावेरपर्यंतच्या आठवडी बाजारांची यादी केली. शेवटी 'महिन्याच्या मध्यावरील अनुपस्थिती' या नावाचा एक निबंधच त्यांनी लिहायला घेतला. मीच त्याचे आलेख काढले. फार सुंदर आलेख आले होते, हे सांगायला पाहिजे.

अण्णांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "मला काही पटत नाही."

"का नाही पटत?"

"असंच."

सरोदे सर वैतागले. "आकडे समोर आहेत आणि तुम्ही असंच म्हणता!"

तेवढ्यात वामनभाऊ कसल्यातरी सह्या घ्यायला आत आले. टेबलावर उघडं मस्टर होतं. अण्णांनी विचारलं, "वामनभाऊ, सोळा तारखेला पोरं येत नाहीत, असं सर म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?"

वामनभाऊंनी मस्टरकडे बघितलं. म्हणाले, "पोरं येता ना सर. पन सोळा तारखेचा रकाना शिवनीत येतो. तठी पेन चालत नाही."

कोणाला काही कळेना. मग वामनभाऊंनी मस्टर उभं धरून दाखवलं. एकतीस रकान्यांचं जोडपान, मधे शिवण, आणि बरोबर शिवणीच्या खोबणीत सोळा तारीख.

"पण रोज भरलं तर तेवढं दाबून भरता येईल की," मी म्हटलं.

वामनभाऊ माझ्याकडे फार दयेनं बघू लागले. "मॅडम, हजेरी रोज कोन भरते? महिन्याच्या शेवटी सारे जन एका बैठकीत भरता. मले मस्टर जमा करायचं असते ना."

सरोदे सरांनी आपला निबंध मिटला. त्यांच्या स्वतःच्या तासांचं मस्टरही त्या गठ्ठ्यात होतं, आणि त्यातही सोळा तारखेला हजेरी पडलेलीच होती.

*

अण्णांचंही एकदा असंच झालं. ते सांगितलं नाही तर अन्याय होईल.

एका वर्षी केळीला चांगला भाव होता. अण्णा सकाळी फिरायला स्टेशनकडे जायचे आणि मालधक्क्यावर केळीच्या किती वॅगन भरतायत ते बघून यायचे. त्यावर त्यांचं गणित. ते म्हणाले, "यंदा शेतकऱ्याच्या हातात पैसा आहे. पोरं शिकायला येणार. दुसरी तुकडी उतू जाईल." मी त्या आनंदात वडिलांना पत्र टाकलं की यंदा काळजी नाही.

पैसा आला आणि त्याबरोबर पोरं गेली. कोणी पुण्याला, कोणी नाशिकला, कोणी कर्नाटकात इंजिनिअरिंगला. हातात पैसा आल्यावर आमच्याकडे कोण येतो? तुकडी मंजूर व्हायला लागतात त्याहून सहा मुलं कमी. तारीख संपायला दोन दिवस होते. मी काउंटरशी अशी उभी की जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं, हिचंच कोणाचंतरी ॲडमिशन अडलंय. खरं म्हणजे माझंच अडलं होतं.

मी अण्णांना विचारलं, "सर, आता हो?"

ते म्हणाले, "माझा अंदाज चुकला." एवढं सरळ म्हणाले की मला पुढे रागवताही येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी वामनभाऊ असोद्याहून आले. बरोबर सहा जण, मोटरसायकलींवर डबलसीट. पाच जण मुलं म्हणावीत अशी होती. सहावा चांगला मिशीवाला, पस्तिशीकडे झुकलेला, गळ्यात उपरणं.

अण्णांनी विचारलं, "हे कोण?"

"हा माह्या मेव्हना सर. बारावी सायन्स पास हाये. बीएस्सी करायचं त्याच्या लई दिवसाचं मनात होतं."

मेव्हण्याच्या चेहऱ्यावरून ते त्याला त्याच सकाळी कळलं असावं. पण सर्टिफिकेट खरं होतं, फी खरी होती, आणि नियमात वयाची अट नव्हती. अण्णांनी सही केली. माझी ऑर्डर निघाली.

खरी मजा पुढे झाली. मेव्हणा रोज यायला लागला. पहिल्या बाकावर बसायचा. कोणी मागे गडबड केली की वळून एकदा बघायचा, की वर्ग चिडीचूप. वर्षाच्या शेवटी तो दुसऱ्या तुकडीत पहिला आला. वामनभाऊ पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "आता तो शेतात जात नाही म्हने. बहीन मले शिव्या देते." मी मात्र दोन पेढे घेतले.

*

पुढच्या किस्स्यात मला हसू येत नाही, पण सोडवतही नाही.

अण्णांचा एक अंदाज मला कायम सलायचा. मुलगी सायन्सला आली की ते म्हणायचे, "आर्ट्सला जा बेटा. मधेच लग्न ठरलं तर घरून परीक्षा देता येईल." वाईट हेतू नव्हता, उलट काळजीच असायची. पण मी मागच्या बाकावर बसून ते ऐकायचे आणि माझ्या हातातली पेन्सिल तुटायची.

पहिल्याच वर्षी एक मुलगी आईबरोबर आली. मार्क चांगले, तोंडातून शब्द नाही. अण्णा म्हणाले, "ही टिकणार नाही. लग्न होईल."

मी उठले, आत गेले आणि जुनी रजिस्टरं घेऊन आले. मागची काही वर्षं मोजून मी आधीच तक्ता करून ठेवला होता. मधे सोडून जाणाऱ्यांत मुली मुलांपेक्षा कमी होत्या. मी तो तक्ता व्हरांड्यात सगळ्यांसमोर अण्णांच्या मांडीवर ठेवला. टेंपररी बाईनं प्राचार्यांशी असं वागायचं नसतं, हे मला तक्ता ठेवून झाल्यावर आठवलं.

अण्णांनी तो वाचला. म्हणाले, "आकडे बरोबर असतील. पण मी आकड्यांबद्दल बोलत नव्हतो, हिच्याबद्दल बोलत होतो."

"मग हिला विचारा."

त्यांनी विचारलं. मुलगी पहिल्यांदा बोलली. "मले केमिस्ट्री आवडते."

ॲडमिशन झालं. आणि दिवाळीनंतर तिचं लग्नही झालं. पत्रिका अण्णांच्या टेबलावर आली तेव्हा ते मला काही बोलले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. मी दोन दिवस त्यांच्या केबिनवरून गेलेच नाही. लॅबच्या मागच्या जिन्यानं जायचे.

जानेवारीत प्रॅक्टिकल सुरू झाली. एक दिवस लॅबमधून वेगळाच आवाज येत होता, म्हणून डोकावले. ती उभी होती. कोपरापर्यंत हिरवा चुडा, आणि बाटलीतून थेंब थेंब सोडताना तो काचेवर वाजत होता. बाहेर झाडाखाली तिचे सासरे मोटरसायकल लावून, शेंगा खात बसले होते. रोज आणायचे, रोज न्यायचे. पदवीच्या परीक्षेपर्यंत.

निकालाच्या दिवशी मी अण्णांना गाठलं. "ती पास झाली."

"मी म्हणालो होतो, तिचं लग्न होईल."

"तुम्ही म्हणाला होतात, टिकणार नाही."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. "असं म्हणालो होतो का मी?"

मी हो म्हटलं. त्याच जूनपासून ते मुलींना आर्ट्सचं सुचवेनासे झाले. कारण कोणी विचारलं तर सांगायचे, आता तसा अंदाज येत नाही.

*

आणि हा शेवटचा.

चौथ्या वर्षी आमच्या संस्थेच्या कार्यकारिणीनं ठरवलं की दुसऱ्या तुकडीचा एकदाचा निकाल लावायचा. कायम ठेवायची किंवा कायम बंद करायची. कायम ठेवली तर मी पक्की होणार होते. बंद केली तर एप्रिलमध्ये संपलेली ऑर्डर पुन्हा निघणार नव्हती. संस्थेचं ऑफिस धुळ्याला होतं. तिथून पत्र आलं की आकडेवारीसह रिपोर्ट घेऊन या.

सरोदे सरांनी ते पत्र माझ्यापुढे ठेवलं. "रिपोर्ट तुम्ही लिहा."

मी म्हटलं, "सर, माझाच प्रश्न आहे त्यात."

"म्हणूनच. मी लिहिला आणि बंद करा असं निघालं, तर लोक म्हणतील सरोद्यानं बाईला घालवलं. आणि तुम्हीही म्हणाल."

म्हटलं असतं. खोटं कशाला बोला?

पंधरा दिवस मी त्या रिपोर्टला बसले होते. बसले म्हणण्यात अर्थ नाही. दोन ओळी लिहायचे आणि उठून कॉरिडॉरमध्ये चकरा मारायचे. दुसऱ्या तुकडीत जूनमध्ये आलेल्या मुलांपैकी शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेली मुलं बोटांवर मोजण्याइतकी होती. सरळ सांगायचं तर तुकडी नावाला होती. पण एक वाट होती. मोजणी जूनच्या पटाऐवजी ऑक्टोबरच्या पटापासून केली, म्हणजे इंजिनिअरिंगला जाणारे सगळे निघून गेल्यानंतर, तर तेच आकडे बरे दिसायचे. आणि ते खोटंही नव्हतं. अशी मोजणी करणारी कॉलेजं मला माहीत होती.

मी दोन्ही तक्ते तयार केले. दोन्ही पाचपाच वेळा तपासले. एकदा मनात आलं, ऑक्टोबरचाच द्यावा, कोण बघतंय. मग वाटलं, बाकं जूनमध्ये लागतात, मंजुरी जूनच्या पटावर मिळते आणि माझी ऑर्डरही जूनचीच असते. मग मोजायचं जूनपासूनच. मला हे इतकं स्पष्ट दिसत होतं की मला स्वतःचा राग आला. थोडं कमी दिसलं असतं तर काय बिघडलं असतं?

शेवटी अण्णांकडे गेले. म्हटलं, "सर, यातला कुठला देऊ?"

त्यांनी दोन्हीकडे बघितलंसुद्धा नाही. "मला तक्ते कळत नाहीत. तुम्ही ते वाचता तेव्हा तुमच्या तोंडाकडे बघितलं की मला कळतं. आणि तुम्ही ठरवून आलेल्या आहात."

धुळ्याला अण्णा, सरोदे सर आणि मी एसटीनं गेलो. सरोदे सरांनी मला खिडकीची जागा दिली, एवढं आठवतं.

संस्थेचे चेअरमन नाना. वय झालेलं, पारोळ्याकडच्याच एका खेड्यातले शेतकरी, धोतर-टोपी. शिक्षण चौथी, असं ते स्वतःच सांगायचे. टेबलाभोवती सात-आठ जण. नाना म्हणाले, "वाच बेटा. बठ्ठं वाची दाखाड."

मी जूनचा सगळा तक्ता वाचला. आवाज नीट लागत नव्हता, पण शेवटची ओळही वाचली. 'सबब दुसरी तुकडी चालू ठेवणे योग्य वाटत नाही.' वाचून कागद टेबलावर ठेवला आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना.

नाना अण्णांकडे वळले. "प्रिन्सिपॉल साहेब, तुम्हले काय वाटस?"

"चालू ठेवावी, असं वाटतं," अण्णा म्हणाले.

"कसावरतीन?"

अण्णांनी माझ्याकडे हात केला. "या बाईंकडे बघून."

सगळे माझ्याकडे बघू लागले. नानाही. चांगला वेळ बघत होते. मग त्यांनी मला विचारलं, "तुकडी बंद व्हयनी तर जाई कोन?"

"मी," मी म्हटलं.

"हाई खरं शे का?" हे सरोदे सरांना.

"हो. त्या एकट्याच," सरोदे सर म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"नाना, म्हणूनच म्हणतो मी..." अण्णा पुढे सरसावले.

नानांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "साहेब, मी बी हिनाकडेच देखी ऱ्हायनू. सोतानी नोकरी जाई हाई जिले माहीत शे, तिनी लिखी आनेल कागद खरा शे. दुसरं काय देखनं आते? तुकडी बंद करा."

आणि खिशातून पेन काढून त्यांनी माझ्या रिपोर्टवर सही केली.

अण्णा खाली मान घालून बसले. सरोदे सर खिडकीबाहेर बघत होते. मला राग कोणाचा आलाय तेच ठरेना. मी कागद गोळा केले. नाना टोपी नीट करत उठले, माझ्याजवळ आले आणि अगदी घरच्या माणसासारखं म्हणाले, "मना जीपमा चाल, बेटा. सांग, तुले कोठे सोडू? जळगावले का पारोळाले?"